जॅझमधली आफ्रिका ढोलात शोधू नका

प्रश्न विचारणाऱ्यांनी तबला शिकला आहे आणि हल्ली ते जॅझ ऐकू लागले आहेत. त्यांची अडचण थोडक्यात अशी: जॅझवर काहीही वाचायला घेतलं की पहिल्या पानावरच 'आफ्रिकन ताल' येतो, पण १९२०च्या दशकातल्या गाजलेल्या रेकॉर्ड लावल्या तर त्यांत ढोलच ऐकू येत नाही. मग ही आफ्रिका नेमकी आहे कुठे? ती कानाला कळावी म्हणून काय ऐकावं? आणि तबल्यावर तयार झालेल्या कानाचा इथे काही उपयोग आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. उपयोग आहे, भरपूर आहे. फक्त एक सवय थोडा वेळ बाजूला ठेवावी लागेल, तिच्याबद्दल पुढे बोलू. मी स्वतः तबल्यावरून ड्रमसेटकडे आलो. हॉटेलांत, लग्नांत, क्लबांत वाजवलं आणि आता मुख्यतः शिकवतो. तबल्याची मुलं शिकायला आली की हा प्रश्न हमखास येतो.

ढोल ऐकू येत नाही, यात तुमच्या कानाची काही चूक नाही. पहिलं कारण अगदी यांत्रिक आहे. १९२५च्या आधी रेकॉर्डिंगला मायक्रोफोन नव्हता. सगळे वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहायचे आणि आवाजाच्या जोरावरच सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरायची. बेस ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा, दणका बसला की सुई उडायची आणि तबकडी वाया जायची. त्यामुळे ड्रमवाल्याला मागे उभं करायचे, नाहीतर त्याच्या हातात लाकडी ठोकळे द्यायचे. किंग ऑलिव्हरच्या बँडने १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी केलेल्या रेकॉर्ड घ्या. तरुण लुई आर्मस्ट्राँग त्यात दुसऱ्या कॉर्नेटवर (ट्रम्पेटचा आखूड भाऊ) आहे आणि ड्रमवर न्यू ऑर्लीन्सचा बेबी डॉड्स, त्या काळातला बहुधा सर्वांत तयार हात. ऐकू काय येतं? टक टक टक. रस्त्यावर आणि नाचघरात लोक जे ऐकत होते आणि तबकडीवर जे उतरलं, त्यांत फार अंतर आहे. डॉड्स खरं काय वाजवायचा ते ऐकायचं असेल तर १९४६ साली त्याने केलेले एकट्याचे ड्रम सोलो शोधा. मध्ये मध्ये तो बोलून समजावतोही. स्नेअर या खरखरत्या छोट्या ड्रमवरचे दाबून घेतलेले रोल, कडेवरचे ठोके, काउबेल आणि या सगळ्याखाली बेस ड्रमची न थांबणारी चाल त्यात नीट ऐकू येते.

दुसरं कारण कायद्याचं आहे आणि ते जास्त खोल जातं. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांचं बंड झालं. बंडखोर ढोल वाजवत, माणसं जमवत चालले होते. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगं वाजवायला बंदी घातली. ढोल म्हणजे निरोप, आणि निरोप म्हणजे बंड, हे मालकांना नेमकं कळलं होतं. इंग्रजांच्या ताब्यातल्या मुख्य भूमीवर ढोल पिढ्यान्‌पिढ्या असा दाबला गेला. क्युबात, हैतीत, ब्राझीलमध्ये तो वाजत राहिला. जॅझचा आफ्रिकेशी संबंध समजून घ्यायचा तर हा फरक मनात पक्का ठेवावा लागतो.

ढोल काढून घेतला तरी ताल काढून घेता येत नाही. तो हातापायांत गेला. मांड्या, छाती, गाल यांवर थापा मारून ठेका धरायची 'पॅटिंग जूबा' नावाची रीत होती. जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर 'रिंग शाउट' होता, आजही थोडाफार आहे: गोलात पाय घासत फिरायचं, एकाने गायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, एकाने काठी जमिनीवर आपटायची आणि टाळ्या मधल्या फटींत पडायच्या. यात एकही ढोल नाही, पण तालाचे तीन-चार थर आहेत. ॲलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या संग्राहकाने जॉर्जियाच्या बेटांवरच्या गायकांची ध्वनिमुद्रणं केली आहेत. जॅझकडे वळण्याआधी ती ऐका. निव्वळ टाळ्यांवर लक्ष ठेवलं तरी पुरे.

न्यू ऑर्लीन्सचा मामला वेगळा होता. शहर आधी फ्रेंचांचं, मग स्पॅनिशांचं, पुढे १८०३ नंतर अमेरिकेचं. कॅथलिक अंमलात गुलामांना रविवारची मोकळीक मिळायची, तेव्हा ते जमून वाजवायचे, नाचायचे. १८१७ मध्ये नगरपालिकेने हे जमाव एकाच जागेपुरते बांधून टाकले आणि ती जागा म्हणजे काँगो स्क्वेअर. १८१९ मध्ये बेंजामिन लॅट्रोब नावाच्या वास्तुविशारदाने तिथले ढोल आणि तुंब्याचं तंतुवाद्य पाहून वर्णन लिहून ठेवलं. शिवाय हैतीतल्या क्रांतीमुळे परागंदा झालेले हजारो लोक, गोरे, स्वतंत्र काळे आणि गुलाम, १८०९-१० मध्ये क्युबामार्गे याच शहरात आले. म्हणजे कॅरिबियनचं पाणी इथे आधीपासून मुरलेलं होतं.

मात्र काँगो स्क्वेअरपासून जॅझपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह टाळा. तिथले मेळावे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओसरले होते आणि जॅझ आकाराला आला १९००च्या आसपास. मधली पन्नासेक वर्षं चर्च, मिरवणुकांचे बँड, नाचगाणी आणि प्रेतयात्रा यांनी भरलेली आहेत. जॅझच्या अगदी सुरुवातीचा वादक बडी बोल्डन याच्या हातात कॉर्नेट आलं तेव्हा त्याने काँगो स्क्वेअरचे ढोल ऐकलेले नव्हते. त्याने ऐकलं होतं ते त्या ढोलांनी वळण लावलेलं गाणं आणि चालणं.

ड्रमसेटकडे पाहिलं तर गंमत आणखी वाढते. स्नेअर आणि बेस ड्रम युरोपच्या लष्करी बँडातले. सिंबल, म्हणजे झांजा, तुर्की घडणीच्या. झिल्डजन हे इस्तंबूलमधलं आर्मेनियन घराणं. सुरुवातीचे टॉमटॉम, म्हणजे बाजूचे छोटे ढोल, चिनी, चामड्याला खिळे मारलेले. वाद्य म्हणून त्यात आफ्रिकेतलं काहीच नाही. आफ्रिकेचं आहे ते एवढंच, की चार-पाच माणसांनी वाजवायचे वेगवेगळे थर एका माणसाने दोन हात आणि दोन पायांत वाटून घेतले. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा वारसा आहे, आणि जुन्या फोटोंत तो दिसत नाही म्हणून लोकांच्या नजरेतून सुटतो.

आता तबला पुढ्यात घ्या, म्हणजे बोलणं सोपं जाईल.

केहरव्याच्या आठ मात्रा म्हणा: धा गे ना ती, ना के धी ना. पहिली, चौथी आणि सातवी मात्रा तेवढी जोरात म्हणा, बाकीच्या पुटपुटा. धा, ती, धी. तीन अधिक तीन अधिक दोन. क्युबात या आकृतीला 'त्रेसियो' म्हणतात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, सगळ्या कॅरिबियनमध्ये आणि न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुकांत हाच सांगाडा सापडतो. फक्त धा आणि ती ठेवा, धी सोडून द्या, की १९२३ मध्ये जेम्स पी. जॉन्सनच्या गाण्याने अमेरिकाभर नाचवलेला 'चार्ल्सटन' हातात येतो. धा, ती, धी यांत पाचव्या मात्रेची भर घाला, की हाबानेरा हा क्युबन नाचाचा ठेका झाला. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने १९१४च्या 'सेंट लुइस ब्लूज'च्या मधल्या भागात तो उघड वापरलाय. न्यू ऑर्लीन्सचा पियानोवाला जेली रोल मॉर्टन याने १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोमॅक्ससमोर पियानोवर बसून सांगितलं, की संगीतात 'स्पॅनिश छटा' नसेल तर त्याला जॅझची चव येत नाही. तो जिला स्पॅनिश म्हणतो ती हाबानेराच आहे, आणि हाबानेरा म्हणजे हवानामार्गे आलेली आफ्रिका. त्याचं 'द क्रेव्ह' ऐका, लक्ष डाव्या हातावर ठेवा.

(केहरव्यात हीच आकृती मिळते म्हणून केहरवा आफ्रिकेतून आला, किंवा उलटं, असं कोणी सांगू लागलं तर मान डोलवू नका. आठाचे तीन तुकडे समान होत नाहीत, म्हणून जगात अनेकांनी तीन-तीन-दोन केलेत. साम्य हा पुरावा नव्हे.)

आता तो तीनाचा तुकडा दोनवर न संपवता तसाच पुढे चालवा. दर तिसऱ्या मात्रेवर ठोका: पहिल्या आवर्तनात एक, चार, सात, दुसऱ्यात दोन, पाच, आठ, तिसऱ्यात तीन, सहा, आणि चौथ्याच्या समेवर पुन्हा गाठ. तीन आवर्तनांत आठ समान ठोके. तुमच्या हाताला हे नवीन नाही. आता आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या बँडची १३ डिसेंबर १९२७ची 'हॉटर दॅन दॅट' लावा. या बँडात ड्रमवाला नाहीच. मध्ये आर्मस्ट्राँग शब्दांवाचून गातो, साथीला फक्त लॉनी जॉन्सनची गिटार. गिटार सरळ चारात चालली आहे आणि आर्मस्ट्राँग दर तिसऱ्या अर्ध्या मात्रेवर बोल टाकत सुटतो. एक आवर्तन, दोन आवर्तनं, पुढेही, गडी थांबतच नाही. थोड्या वेळाने तुमचा पाय डळमळतो: गिटार खरी की गाणारा? दोन्ही खरे. ढोल नसलेल्या रेकॉर्डमध्ये आफ्रिका कुठे आहे, याचं माझं उत्तर ही काही सेकंदं आहेत. आधी हातावर मात्रा मोजत ऐका, मग मोजणं सोडून देऊन ऐका.

ती सवय कोणती, ते आता सांगतो. आपल्याकडे तीनास दोन हे नातं 'आड' म्हणून येतं. मूळ लय घट्ट असते, वादक तिच्यापासून निघतो, आड घेतो, ताण वाढवतो आणि समेवर येऊन सोडवतो. श्रोता दाद देतो ती परतल्याबद्दल. म्हणजे एक लय घर आणि दुसरी बाहेर मारलेली फेरी. घाना-टोगोच्या किनाऱ्यावरच्या एवे लोकांच्या वादनात असं घर आणि बाहेर नसतं. दोन्ही लयी पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांची सोडवणूक कोणाला करायची नसते. तुम्ही समेची वाट बघत ऐकलंत तर तिष्ठत राहाल.

हे हाताने करून पाहा. दादरा म्हणा: धा धी ना, धा ती ना. दोन्ही 'धा'वर पाय टाका. टाळी मात्र पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या मात्रेवर द्या, म्हणजे धा, ना, ती वर. पाय दोन, टाळ्या तीन. जमलं? आता एवेंची घंटा, गानकोगुई. बारा मात्रांत सात ठोके. दादऱ्याची दोन आवर्तनं धरली तर पहिल्यात धा, ना, ती, ना (पहिली, तिसरी, पाचवी, सहावी) आणि दुसऱ्यात धी, धा, ना (दुसरी, चौथी, सहावी). तोंडाने दादरा चालू ठेवून एका बोटाने टेबलावर हे सात ठोके वाजवा. पाय पडतात चार ठिकाणी, घंटेचे ठोके सात, आणि दोन्ही एकत्र येतात फक्त दोनदा: पहिल्या समेवर आणि दुसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर. टाळ्यांच्या बाजूने पाहिलं तर पहिले तीन ठोके टाळ्यांवर बसतात आणि पुढचे चारही बरोबर मधल्या फटींत. एकाच ओळीत अर्धी बाजू सुलट, अर्धी उलट. त्यावर खुळखुळा, मग लहान ढोल ठरलेलं उत्तर देणारे, आणि सगळ्यांवर मुख्य ढोल, जो बोलतो. अक्षरशः बोलतो, कारण एवे भाषेत सुराच्या चढउताराने अर्थ बदलतो आणि ढोलाच्या वाक्याला शब्द असतात. पढंत केलेल्या, म्हणजे बोल तोंडाने म्हणायची सवय असलेल्या, माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग ही घंटा न्यू ऑर्लीन्सच्या जॅझमध्ये आहे का? नाही. नेमका इथेच बरेच लेख घसरतात. गेरहार्ड कुबिक या ऑस्ट्रियन अभ्यासकाने हा मुद्दा नीट मांडला आहे: अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या काळ्या संगीतात असे विषम घंटाठेके जवळजवळ सापडत नाहीत, क्युबा आणि ब्राझीलमध्ये मात्र ते ठासून भरले आहेत. ब्लूजची मुळं तो किनाऱ्यावर न शोधता पश्चिम आफ्रिकेच्या आतल्या, सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, साहेलमध्ये शोधतो. तिथे एकटा माणूस तंतुवाद्य घेऊन लांब आलापी अंगाने गातो, तालाचे थर विरळ असतात आणि इस्लामी गायकीची छाया असते. फ्रेंच काळात लुइझियानात आणलेल्या गुलामांत सेनेगांबियाच्या लोकांचा वाटा मोठा होता, हे याला जुळतं. बँजोचे पूर्वजही तिकडचेच. मालीच्या अली फार्का तुरेची गिटार आणि मिसिसिपीच्या जॉन ली हूकरची गिटार पाठोपाठ ऐका. अर्थात तुरेने हूकरच्या रेकॉर्ड ऐकल्या होत्या, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल लागत नाही, पण कानाला दिशा मिळते.

तर 'आफ्रिकन ताल' एक नाही. साहेलची एकट्याची मोकळी लय, गिनीच्या किनाऱ्याचे घंटेवर बांधलेले थर, काँगो-अंगोलाचे ढोल आणि नाच हे निरनिराळे प्रांत आहेत. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना एकच ढोल वाजतो असं कोणी म्हणालं तर आपण हसू, तसंच ते.

घंटा जॅझमध्ये आली ती नंतर, आणि क्युबातून. क्युबात तिचं रूप झालं 'क्लावे': सोळा मात्रांत पाच ठोके, दोन जाड काठ्यांवर. केहरव्याच्या दोन आवर्तनांत बसवायचा तर पहिल्यात धा, ती, धी आणि दुसऱ्यात फक्त तिसरी आणि पाचवी मात्रा. दुसऱ्या आवर्तनाची सम रिकामी जाते, आणि तबलजीचा हात तिथे हमखास पडतो! माझ्या विद्यार्थ्यांचा सगळा घाम त्या एका रिकाम्या जागेवर निघतो.

हवानाचा ट्रम्पेटवाला मारिओ बाउसा न्यूयॉर्कला आला आणि त्याने अमेरिकन ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी याची गाठ चानो पोसोशी घालून दिली. चानो कोंगा हा हातांनी वाजवायचा उंच ढोल वाजवायचा, अबाकुआ या क्युबन पंथातला होता, इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं, स्वरलिपी वाचता येत नव्हती. २९ सप्टेंबर १९४७ला दोघं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकत्र वाजले आणि ३० डिसेंबरला 'मांतेका' ध्वनिमुद्रित झालं. हे तीन-चार मिनिटांचं गाणं मी शिकवताना तुकडे करून ऐकवतो. सुरुवातीला कोंगा आणि बेस. मग एकेक थर चढतो: सॅक्सोफोनचं एक तोंडपाठ वाक्य, ट्रॉम्बोनचं दुसरं, वर ट्रम्पेट. प्रत्येकाचं वाक्य छोटं, न बदलणारं, आणि एकमेकांच्या फटींत बसणारं. हा एवेंच्या ढोलांचा हिशेब आहे, फक्त पितळी वाद्यांवर मांडलेला. मग मधला भाग येतो, डिझीने लिहिलेला, आणि तिथे बँड एकदम जॅझच्या स्विंगमध्ये, म्हणजे लांब-आखूड झोक्याच्या चालीत, जातो. ड्रमवर केनी क्लार्क आहे. जोड कळतो. तो कळतो म्हणूनच ही रेकॉर्ड मला इतकी आवडते: एकाच मुळाच्या दोन फांद्या, एक ढोलासकट वाढलेली आणि एक ढोलावाचून, शेजारी शेजारी ठेवल्यासारख्या. पुढे लोकांनी सांधा गुळगुळीत केला आणि मजा थोडी गेली. चानोला २ डिसेंबर १९४८ला हार्लेममध्ये गोळ्या घातल्या गेल्या. दोघांना मिळून जेमतेम सव्वा वर्ष मिळालं.

केनी क्लार्कचं नाव आलंच आहे तर स्विंगबद्दल थोडं. आधीचे ड्रमवाले लय बेस ड्रमवर धरायचे. काउंट बेसीच्या बँडात जो जोन्सने ती हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीवर, नेली आणि १९४०च्या आसपास हार्लेमच्या मिंटन्स क्लबमध्ये क्लार्कने ती राइड सिंबलवर, म्हणजे बाजूच्या मोठ्या सिंबलवर, चढवली. डावा हात आणि उजवा पाय मोकळे झाले, त्यांनी मध्येच टोले द्यायचे. म्हणजे वर सतत वाजणारी धातूची रेघ आणि खाली बोलणारे ढोल. ही रचना ओळखीची वाटली ना? क्लार्कने घानाची घंटा ऐकून हे केलं असा दावा मी करणार नाही. काम मात्र तेच आहे. स्विंगचा झोका पुस्तकात तिश्रात लिहितात, पण तसा कोणी वाजवत नाही. संथ लयीत लांब-आखूड फरक जास्त असतो, लय वाढली की तो आटत जातो आणि द्रुतात जवळजवळ सम होतो. लिहून शिकवता येत नाही, ऐकूनच बसतो. लावणीच्या ढोलकीची डौलदार ओढ तरी कोणी कागदावर उतरवली आहे?

यापुढची काही नावं कानाने ओळखून ठेवा. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीतला ड्रमवाला एल्व्हिन जोन्स याच्यापासून सुरुवात करा. 'आफ्रो ब्लू' हे क्युबाच्या मोंगो सांतामारियाने १९५९ मध्ये आणलेलं गाणं उघडउघड तीनास दोनवर उभं आहे, म्हणजे तुमचा पायांचा आणि टाळ्यांचा दादराच. कोल्ट्रेनच्या चौकडीने ऑक्टोबर १९६३ मध्ये बर्डलंड क्लबमध्ये ते वाजवलं तेव्हा एल्व्हिनने चारही अवयवांत ते असं पसरलं की सम सांगणं अवघड व्हावं. सांगायची गरजही नाही.

ड्रमवाला आर्ट ब्लेकी याचं प्रकरण मजेचं आहे. तो १९४०च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेत जाऊन आला, टॉमटॉमवर कोपर दाबून सूर वरखाली करायला लागला (डग्ग्यावर मनगट घासून आपण जे करतो त्याचाच भाऊ), १९६२ मध्ये नायजेरियाच्या सोलोमन इलोरीबरोबर ढोलांची आख्खी रेकॉर्ड काढली, आणि तोच माणूस आयुष्यभर ठासून सांगत राहिला की जॅझ अमेरिकेचा आहे, आफ्रिकेचा नाही. मला त्याचं म्हणणं अर्धं पटतं. 'काळ्या माणसाच्या रक्तातच ताल असतो' या कौतुकाच्या वेष्टणातल्या अपमानाला त्याने दिलेलं ते उत्तर होतं. ताल रक्तात नसतो, रियाजात असतो. हे आपल्याकडे घराण्यांच्या गप्पांतही विसरलं जातं.

ड्रमवाला मॅक्स रोच याचं १९६६चं 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' तबल्याच्या माणसाने ऐकायलाच हवं. पाय एकच वाक्य धरतात: बेस ड्रम एकवर, हाय-हॅट दोन आणि तीनवर. तो झाला नगमा, म्हणजे तालाची फेरी धरून ठेवणारी सततची धून. हात त्यावर कायदा मांडल्यासारखे बोलतात. आणि एड ब्लॅकवेल, न्यू ऑर्लीन्सचाच ड्रमवाला, सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनचा सोबती. ट्रम्पेटवाल्या डॉन चेरीबरोबर १९६९ मध्ये पॅरिसला केलेल्या 'मू'मध्ये तो पश्चिम आफ्रिका आणि आपल्या गावची मिरवणूक एकाच हातात खेळवतो. माझ्या यादीत तो सगळ्यांच्या वर आहे. पियानोवाल्या रँडी वेस्टनवर वेगळं लिहायला हवं. त्याची १९६०ची 'उहुरू आफ्रिका' दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने बंदीत टाकली होती, आणि पुढे तो काही वर्षं मोरोक्कोत राहून तिथल्या ग्नावा समाजाच्या वादकांबरोबर वाजवत होता.

मुंबईबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन ओळी लिहितो. हे संगीत इथे पोचलं ते पुस्तकांतून नव्हे. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी उचललं: मिकी कोरिया, फ्रँक फर्नांड, आणि हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. हेच चिक चॉकलेट पुढे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, आपल्या सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. १९५१चा 'अलबेला' पुन्हा ऐका. त्यातले बोंगो आणि ब्रास म्हणजे हवाना, न्यूयॉर्कमार्गे मुंबईच्या स्टुडिओपर्यंत. १९७८ला रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' हा महोत्सव झाला तेव्हा अमेरिकन सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स आला होता. आणि आपल्या शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक याने तबला, ड्रम आणि आफ्रिकन ताल यांचा मेळ ज्या तऱ्हेने घातला आहे, तो तुमच्या प्रश्नाचं चालतं उत्तर आहे. १९८८चं 'उस्फ्रेट' घ्या. त्यात डॉन चेरीही आहे आणि शोभाताईही. एक सावधगिरी: जंजिऱ्याचे किंवा गुजरातचे सिद्दी हे आफ्रिकनच, पण त्यांची मुळं पूर्व आफ्रिकेच्या बाजूची. त्यांच्या धमालचा जॅझशी थेट धागा नाही, उगाच जोडू नका.

ढोल परतीच्या वाटेनेही गेला आहे. अक्राचा गाय वॉरेन १९५०च्या दशकात शिकागोला येऊन बोलका ढोल जॅझमध्ये मांडत होता, आणि अमेरिकेला त्याचं फारसं काही वाटलं नाही. लागोसचा टोनी ॲलन मासिकात छापून आलेल्या मॅक्स रोचच्या धड्यांवरून हाय-हॅट शिकला आणि त्यातून नायजेरियन गायक फेला कुटीबरोबर आफ्रोबीट हा नवा प्रकार उभा केला.

ऐकायचा क्रम विचाराल तर जॉर्जियाच्या बेटांवरच्या टाळ्या, मग 'हॉटर दॅन दॅट', मग बेबी डॉड्सचे सोलो, मग 'मांतेका', मग 'आफ्रो ब्लू'ची आधी मोंगोची आणि नंतर कोल्ट्रेनची आवृत्ती. एका बैठकीत एकच, आणि तीही दोन-तीनदा. एवे ढोलांचं एखादं साधं ध्वनिमुद्रण मध्ये कुठेही घाला, पण घंटा बोटावर बसल्यावर. कोल्ट्रेनची एप्रिल १९६७ची हार्लेमच्या ओलातुंजी केंद्रातली मैफल मात्र सध्या बाजूला ठेवा. तिच्याबद्दल खूप वाचायला मिळेल, केंद्राच्या पूर्ण नावातही आफ्रिका आहे, पण आवाज इतका फाटलेला आहे की ड्रम आणि सॅक्सोफोन वेगळे काढता येत नाहीत. ती शेवटी ऐका, आणि हेडफोनवर नको.